‘कॅमेरा’ की ‘दिग्दर्शन’? गिझेला टुख्टेनहागेनच्या निमित्ताने एक लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही चोवीस वर्षांच्या. मास कम्युनिकेशन झालंय, सध्या लग्नाची शूटिंग करून घर चालतं. एका डॉक्युमेंटरीवाल्याने त्याच्या पुढच्या फिल्मसाठी कॅमेरा करायला बोलावलंय. पैसे यथातथाच, काम वर्षभर चालेल. त्यातच गिझेला टुख्टेनहागेन या जर्मन कॅमेरावुमनबद्दल वाचनात आलं आणि गोंधळ वाढला, कारण तिचं नाव कुठे ‘कॅमेरा’ म्हणून येतं तर कुठे ‘दिग्दर्शन’ म्हणून. ती नक्की कोण, असं तुम्ही विचारलंय. आणि त्याच्याच खाली एका ओळीत: ‘दुसऱ्याच्या फिल्मवर कॅमेरा करत राहिले तर माझी स्वतःची फिल्म कधी होणार?’

खरा प्रश्न ही शेवटची ओळ आहे. टुख्टेनहागेन हे त्या ओळीला मिळालेलं निमित्त. बरं, वयाने मी तुमच्या आईएवढी असेन, तेव्हा आता ‘तू’ म्हणते.

आधी जे माझ्या हातात नाही ते सांगून टाकते. घरातून किती दिवस बाहेर राहता येईल, पाठीमागे कुणाचं आजारपण आहे का, कर्ज आहे का, तो दिग्दर्शक माणूस म्हणून कसा आहे, हे मला माहीत नाही आणि उत्तर निम्मंअर्धं त्यावरच ठरतं. वर्षभर कमी पैशांत काम करणं कुणाला परवडतं आणि कुणाला नाही, हा कलेचा प्रश्न नाहीच. मी १९९४ मध्ये कॅमेरा असिस्टंट म्हणून सुरुवात केली तेव्हा दादरला मावशीकडे फुकट राहायची सोय होती म्हणून टिकले. माझ्याबरोबर आलेली दुसरी मुलगी माझ्यापेक्षा चांगली फ्रेम लावायची. तिची अशी कुणी मावशी नव्हती.

आता टुख्टेनहागेन.

१९४३ चा जन्म, पोमेरेनियातल्या कोस्लिनचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला कोशालिन म्हणतात. पश्चिम बर्लिनमध्ये १९६६ साली फिल्म आणि टेलिव्हिजन अकादमी सुरू झाली, तिथे ती शिकली. या अकादमीच्या पहिल्या तुकडीत हारून फारोकी आणि हेल्के झांडर हे पुढे नावाजलेले दिग्दर्शक होते, म्हणजे ही शांतपणे वर्गात बसून टिपणं काढणारी मंडळी नव्हती. संस्था कुणी चालवायची यावरूनच तिथे भांडणं पेटलेली होती. १९६८ पासून तिथे शिकवायला यायचा क्लाउस विल्डनहान, हँबर्गच्या एनडीआर या सार्वजनिक वाहिनीतला डॉक्युमेंटरीवाला. लीकॉक, पेनेबेकर वगैरे अमेरिकन मंडळींनी १९६० च्या सुमारास जी पद्धत रुळवली, म्हणजे हलका सोळा एमएम कॅमेरा खांद्यावर, चित्राबरोबरच रेकॉर्ड होणारा सिंक आवाज, ना मुलाखतीचं टेबल ना ‘पुन्हा एकदा करा’, ती जर्मन टीव्हीत मुरवणाऱ्यांपैकी तो एक मुख्य माणूस.

१९७१ मध्ये विल्डनहान, टुख्टेनहागेन आणि राइनर एत्स या तिघांनी हँबर्गमधल्या ऑक्टोबर १९२३ च्या कम्युनिस्ट उठावावर फिल्म केली. उठावात प्रत्यक्ष असलेली माणसं तेव्हा म्हातारी झाली होती आणि बोलत होती. दिग्दर्शक म्हणून तिघांचीही नावं. मग १९७३-७४ मध्ये ‘डी लीबे त्सुम लांड’, शेतकऱ्यांच्या बदलत्या जगण्यावरची. इथे नाव विल्डनहानचं, कॅमेरा टुख्टेनहागेनचा. आणि १९७५-७६ मध्ये ‘एम्डेन गेट नाख ऊएसआ’, म्हणजे ‘एम्डेन अमेरिकेला जातं’, चार भागांची. इथे पुन्हा दोघांचीही नावं शेजारी शेजारी.

तुझा गोंधळ इथूनच आलाय. हात तोच, कॅमेरा तोच, जोडी तीच, आणि क्रेडिट वेगवेगळं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काही तरी चूक आहे. माझ्या मते चूक नाही, पण समजून घ्यायला एम्डेनपाशी जरा थांबावं लागेल.

एम्डेन हे पूर्व फ्रीसलंडमधलं बंदराचं गाव. १९६४ साली तिथे फोक्सवागेनचा कारखाना आला, आणि तो मुख्यतः अमेरिकेला जाणाऱ्या बीटल गाड्यांसाठी होता. गाडी तयार झाली की जहाजावर. १९७४ मध्ये कंपनीला मोठा तोटा झाला. आणि मग गोष्ट निघाली की गाड्या पाठवण्यापेक्षा अमेरिकेतच कारखाना काढावा. एप्रिल १९७६ मध्ये तो निर्णय झाला, १९७८ मध्ये पेनसिल्व्हेनियात कारखाना सुरूही झाला. त्याच वर्षी जानेवारीत जर्मनीत बनलेली शेवटची बंद टपाची बीटल बाहेर पडली, ती एम्डेनमधूनच. पण फिल्म होत होती तेव्हा हे सगळं पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून ती फिल्म बघण्यासारखी आहे. अफवा, बैठका, युनियनचे कार्यकर्ते, त्यांचं ‘वर’ काय चाललंय याचा अंदाज घेणं, पुन्हा बैठका. आपल्याकडे ज्यांच्या घरात गिरणीचा संप पाहिलाय त्यांना त्या खोलीतली हवा ओळखीची वाटेल. कुणी मोठ्याने रडत नाही. माणसं सिगारेट ओढत आकडेमोड करत बसतात.

याच मुक्कामातून त्यांनी त्या प्रदेशावर आणखी एक फिल्म केली, तिचं नाव मला फार आवडतं: उत्तरेला समुद्र, पश्चिमेला नदी, दक्षिणेला दलदल, पूर्वेला पूर्वग्रह.

आता कामाची गोष्ट. या जोडीत दोनच माणसं काम करत. टुख्टेनहागेनच्या खांद्यावर कॅमेरा, आणि विल्डनहान स्वतः आवाज घ्यायचा. म्हणजे दिग्दर्शकाच्या कानावर हेडफोन, हातात माईक. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण सगळी मेख इथेच आहे. माईक हातात असलेला माणूस बोलू शकत नाही. तो ‘डावीकडे घे’ म्हणाला तर तेच रेकॉर्ड होतं. तो तुझ्या फ्रेममध्ये डोकावू शकत नाही, तेव्हा मॉनिटर नावाची चीजच नव्हती. काय दिसतंय हे एकाच माणसाला माहीत असतं: जिचा डोळा व्ह्यूफाइंडरला आहे तिला. त्यामुळे कुणाकडे बघायचं, किती वेळ, आणि कधी थांबायचं, हे निर्णय ज्या क्षणी घ्यायचे त्या क्षणी कॅमेरा धरणारीच घेणार. दिग्दर्शन त्यातून नाहीसं होत नाही, पण ते आदल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी होतं: कुठे जायचं, कुणाशी ओळख वाढवायची, कशात रस घ्यायचा. खोलीत शिरल्यावर ते तिच्याकडे जातं.

त्यात रोलचा हिशेब. सोळा एमएमचं चारशे फुटांचं मॅगझीन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, साधारण अकरा मिनिटं चालतं. मी स्वतः या मॅगझीनवर वाढले म्हणून सांगते, ती अकरा मिनिटं पोटात मोजली जातात. चार तासांची बैठक आहे, गाडीत रोल उरलेत सहा, आणि कुणी तरी खाकरून बोलायला उभं राहतंय. बटण दाबायचं का? दाबलंस आणि त्याने नुसतेच आभार मानले तर दोन मिनिटं गेली. नाही दाबलंस आणि त्याने राजीनामा दिला तर फिल्म गेली. वर रोल संपला की चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड आत न जाणाऱ्या पिशवीत, दोन्ही हात कोपरापर्यंत घालून, अंदाजाने, मॅगझीन बदलायचं, आणि नेमकं तेव्हाच खोलीतलं सगळ्यात चांगलं वाक्य कुणी तरी बोलणार. म्हणून ऐकावं लागतं. चांगली कॅमेरावुमन माणसाचं वाक्य कुठे चाललंय हे कानाने ओळखते आणि डोळा त्याआधी अर्धा सेकंद तिथे नेते. टुख्टेनहागेनच्या कामात मला हेच सगळ्यात जास्त दिसतं. बोलणाऱ्यावरून ती ऐकणाऱ्यावर जाते, आणि तिथेच राहते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते ती आपल्याला बोलणाऱ्याच्या आवाजावर दिसते. हा कट नाही, एडिट टेबलावर सुचलेला नाही. तो तिने खोलीत घेतलेला निर्णय आहे.

माझंच एक उदाहरण देते, म्हणजे हे हवेत राहणार नाही. बीड जिल्ह्यातून निघालेल्या ऊसतोड टोळीबरोबर आम्ही कोल्हापूरकडे होतो. रात्रीची वेळ, कोपीबाहेर चूल. मुकादम उचलीचा हिशेब सांगत होता, दिग्दर्शकाला तोच हवा होता, कारण आकडे त्याच्याच तोंडी होते. मी मुकादमावर होते. मागून त्याच्या वाक्याच्या मध्येच भाकरी थापायचा आवाज थांबला. एवढंच. मी हळूच वळले तर बाई परातीत हात तसाच ठेवून ऐकत होती. तिच्या नवऱ्याच्या नावावर उचलीचं किती देणं फिरतंय ते त्या क्षणी तिला पहिल्यांदा कळत होतं. दिग्दर्शक माझ्या कोपराला खेचत होता, ‘मुकादम, मुकादम’. मी गेले नाही. तिने पुन्हा थापायला सुरुवात केली, पहिली भाकरी मोडली, पीठ पुन्हा गोळा केलं. चाळीस सेकंद असतील. फिल्ममध्ये तो प्रसंग तसाच्या तसा राहिला, मुकादमाचा आवाज तिच्या हातांवर.

त्या फिल्मवर माझं क्रेडिट ‘कॅमेरा’ आहे. आणि तक्रार नाही, हेही सांगते. त्या टोळीपर्यंत पोचायला त्या दिग्दर्शकाने दोन हंगाम घालवले होते. मी नंतर आले. चाळीस सेकंद माझे म्हणजे फिल्म माझी, असं होत नाही.

म्हणून टुख्टेनहागेनला नुसती ‘विल्डनहानची कॅमेरावुमन’ म्हणणं मला पटत नाही, आणि ‘खरं तर सगळं तिचंच होतं’ हे हल्ली कौतुकाने म्हणायची जी पद्धत पडली आहे तीही पटत नाही. क्रेडिट बदलतं कारण काम खरोखर बदलतं. विषयापर्यंत कोण पोचलं, मुक्काम कुणी केला, विश्वास कुणावर ठेवला गेला, एडिटला कोण बसलं, या चार गोष्टींत जितका वाटा, तितकं नाव. एम्डेनला दोघांचं नाव आहे, आणि विल्डनहान तेव्हा वाहिनीतला नाव असलेला, तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा पुरुष होता. १९७६ मध्ये अशा माणसाने कॅमेरा करणाऱ्या बाईचं नाव आपल्या शेजारी येऊ देणं हे आपोआप होत नसे. आपल्याकडे आजही होत नाही.

तिची स्वतःची फिल्म कधी झाली? याच काळात, मागेपुढे. एम्डेनच्या लगेच नंतर, १९७७-७८ मध्ये तिने मोनिका हेल्डबरोबर ‘झिंग, आयरिस, झिंग’ केली. म्हणजे ‘गा, आयरिस, गा’. विषय: पुरुषांचे समजले जाणारे कारागिरीचे धंदे शिकणाऱ्या बायका. कॅमेरा हाही तेव्हा तसलाच धंदा. मला नेहमी वाटतं, लेथसमोर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईकडे तिने जे बघितलं असेल ते दुसऱ्या कुणाला तसं बघता आलं नसतं, कारण ‘हे तुम्हाला उचलेल का?’ हा प्रश्न तिनेही ऐकलेला असणार. मी तरी दर शूटला ऐकते, अजून. ट्रायपॉड उचलायला गावातली दोन पोरं धावत येतात आणि त्यांना चहा प्यायला बसवून मीच तो उचलते.

त्यानंतर १९८४ ते ८६ या काळात ‘हाइमकिंडर’, संस्थेत वाढणाऱ्या मुलांवरची पाच भागांची मालिका. दिग्दर्शन तिचं. इथे तुझ्या प्रश्नाचं उत्तर उघड दिसतं. दुसऱ्याच्या फिल्मवर कॅमेरा करताना जे शिकली, म्हणजे लांब मुक्काम, छोटी टोळी, प्रश्न न विचारता थांबणं, तेच तिने स्वतःच्या फिल्ममध्ये वापरलं. दिग्दर्शक झाली म्हणून कॅमेरा ठेवून खुर्चीवर बसली नाही. २००६ मध्ये क्विंका श्टोअर या दिग्दर्शिकेने तिच्यावर फिल्म केली, तिचं नाव ‘त्सुनायगुंग’. या शब्दाचा अर्थ जिव्हाळा, पण फोड केली तर ‘कुणाकडे तरी झुकणं’. कॅमेरा खांद्यावर घेऊन समोरच्याचं ऐकणारी बाई खरोखर पुढे झुकलेलीच असते, पाठ दुखते त्याने.

एवढ्यावरून असं समजू नकोस की तिकडे सगळं सुरळीत होतं. १९७९ मध्ये हँबर्गला फिल्ममध्ये काम करणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन जाहीरनामा काढला आणि निधी, नोकऱ्या, शिक्षणाच्या जागा, समित्या, सगळ्यात निम्मा वाटा मागितला. ज्यांना वाटा मिळालेला असतो त्या जाहीरनामे काढत नाहीत. आणि एक मोठा फरक लक्षात ठेव: या फिल्म करता आल्या कारण मागे एनडीआरसारख्या वाहिन्या होत्या, कित्येक महिने एका गावात राहू देणाऱ्या. आपल्याकडे अशी सोय जवळजवळ नाही. आपण अनुदान, स्वयंसेवी संस्थांची कामं, आणि लग्नं यांची गोधडी शिवून तेवढे महिने उभे करतो. लग्नाच्या शूटिंगला कमी लेखू नकोस हेही त्यातच आलं. गर्दीत, धुरात, कुणी न सांगता, पुन्हा न होणारा क्षण पकडणं तुला आधीच येतंय. फक्त तिथली एक सवय सोडावी लागेल: सगळं टिपायची. डॉक्युमेंटरीत अंतरपाट दूर होताना नवरीऐवजी मागे उभ्या बहिणीवर थांबता आलं पाहिजे.

म्हणजे इथपर्यंत असं झालं: कॅमेरा करणं ही स्वतःच्या फिल्मच्या आधीची पायरी नाही, ते फिल्म करणंच आहे, पण प्रत्येक दिग्दर्शकाकडे नाही. काहींकडे तू ट्रायपॉडचा चौथा पाय असतेस. तेव्हा प्रश्न ‘कॅमेरा करू की स्वतःचं’ असा न ठेवता, ‘या माणसाकडे कॅमेरा म्हणजे काय’ असा ठेव. आणि ते कळतं, हो म्हणायच्या आधी कळतं.

त्याला विचार, आवाज कोण घेणार. तो स्वतः घेणार म्हणाला किंवा एक आवाजवाला आणि तू एवढीच टोळी असेल, तर चांगली खूण. तो तुझ्या शेजारी मॉनिटर धरून बसणार असेल तर वेगळं काम आहे. वाईट नाही, पण वेगळं. मग विचार, रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा आणि माणसं बघायला, मी येऊ का. माणसांशी पहिली ओळख जर तुझ्याशिवाय झाली तर तू कायम ‘फोटो काढणारी पोरगी’ राहशील. रशेस, म्हणजे शूट केलेलं न कापलेलं सगळं, बघायला आणि पहिला कट बघायला बसू देणार का तेही विचार. एडिटला बसल्याशिवाय आपल्या चुका कळत नाहीत. मला पहिली चार वर्षं कुणी बसू दिलं नाही, आणि त्या चार वर्षांत मी एकच चूक करत राहिले: माणूस बोलायचं थांबला की मी कॅमेरा बंद करायचे. खरं तर त्यानंतरचे दहा सेकंदच एडिटरला हवे असतात.

आणि क्रेडिट लिहून घे. पहिल्या दिवसाच्या आधी, मेलवर, दोन ओळी. ‘कॅमेरा’ एवढंच असेल तर तसं, आणि काम वाढलं तर पुन्हा बोलू, असं वाक्य घाल. एकदा एका फिल्मवर सहा महिने काम करून माझं नाव ‘विशेष आभार’मध्ये गेलं. भांडायला हातात कागद नव्हता. तो माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच आठवत नव्हतं की अर्धे दिवस तो तिथे नव्हता.

यातल्या दोन-तीन प्रश्नांना तरी बरी उत्तरं आली आणि भाडं निघत असेल, तर जा. वर्ष फुकट जाणार नाही. बरोबर स्वतःचं एक छोटं काम चालू ठेव, तुझ्या गल्लीतलं, एकच माणूस, एकच जागा, सुट्टीच्या दिवशी. त्याला नाव, लांबी, तारीख काही देऊ नकोस. उत्तरं वाईट आली आणि तरी पैशांसाठी जावं लागलं, तर तेही कर, फक्त मनात हिशेब स्वच्छ ठेव की ही नोकरी आहे. आणि एकटी पडू नकोस. आपल्याकडे कॅमेरा करणाऱ्या बायकांचं एक नेटवर्क २०१७ पासून आहे, इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह. दर किती सांगायचा, अमुक माणसाबरोबर बाहेरगावी जाणं बरं का, असले प्रश्न तिथल्या बायकांनाही पडलेले असतात.

एक वस्तू मात्र काहीही ठरलं तरी घे. आवाजवाल्याच्या मशीनमधून तुझ्या कानापर्यंत येणारी स्वतःची वायर, निदान एका कानाला. पुष्कळ सेटवर कॅमेरा करणाऱ्याला आवाज देतच नाहीत, ‘तुम्हाला काय करायचाय’ म्हणतात. मी माझी वायर पिशवीत घेऊनच जाते आणि कुणाला न विचारता लावते. ती नसती तर भाकरी थापायचा आवाज थांबलेला मला कळला नसता.